दोन खांबांमधली देवी

माझ्याकडे रोमन नाणी आहेत, हे मी सहसा कुणाला सांगत नाही. सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "सोन्याची का?" सोन्याची नाहीत. तांब्या-काशाची आहेत, मोजकीच आहेत, आणि एक सोडलं तर इतकी झिजलेली की त्यांच्यावर काय आहे ते मला डोळ्यांनी कमी आणि आठवणीने जास्त दिसतं. पण प्रत्येकावर देऊळ आहे. मी फक्त देवळाचीच नाणी जमवतो. "देवळाचीच काऊन बे?" असं बाबांनी एकदा विचारलं होतं. तेव्हा मला नीट सांगता आलं नाही. आताही येईल की नाही, शंकाच आहे.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी इतिहासाच्या मॅडमनी भिंतीवर एका नाण्याचं चित्र मोठं करून दाखवलं होतं. समोर खांबांची ओळ, वर त्रिकोणी छप्पर, खाली पायऱ्या आणि मधोमध बसलेली एक मूर्ती. मॅडम म्हणाल्या, खऱ्या देवळासमोर उभं राहिलं तर खांबांच्या आड मूर्ती दिसणार नाही. म्हणून ठसा कोरणाऱ्याने मधले दोन खांब बाजूला सरकवलेत. मॅडम पुढच्या चित्राकडे वळल्या. मी मात्र त्या कोरणाऱ्यापाशीच राहिलो. हा माणूस मला ओळखीचा वाटला. आमच्या गावच्या मारोतीच्या देवळाचं दार असंच आहे. रस्त्याने जाणाऱ्याला सायकलवरूनही दर्शन व्हावं म्हणून ते इतकं रुंद ठेवलंय की पाऊस तिरपा आला की देवही भिजतो.

आमचं गाव देऊळघाटच्या पुढे, आडवळणाला. घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. आईबाबा भाजीपाला करतात, वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बाजाराच्या दिवशी बुलढाण्याला नेऊन विकतात. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी मलकापूरला एका जिनिंगमध्ये राहिलो. दिवसभर कापसाचे ढीग ओढायचे, आणि झोपताना नाकातोंडातून कापूस काढायचा. त्या पैशांतून मी जोडे घेईन असं मायला वाटलं होतं. मी संभाजीनगरला नाण्यांच्या प्रदर्शनात गेलो आणि ते एक न झिजलेलं नाणं घेतलं.

तिथे एका टेबलाशी मी बराच वेळ उभा होतो. मनात शुद्ध वाक्य जुळवून ठेवलं होतं, पण विक्रेत्याने वर पाहिल्याबरोबर तोंडातून निघालं, "मले हे पाह्यजे." शेजारच्या दोघांनी माना वळवल्या. विक्रेता हसला नाही, एवढं त्याचं चांगलं. त्याने फक्त माझा हात धरून बोटं सरळ केली. "नाणं कडेनं धरायचं. बोटांचा घाम त्याला खातो." घट्ट मूठ करून, बाजारात सुटे पैसे धरतात तसं, मी ते धरलं होतं.

नाणं दहा रुपयांच्या नाण्याएवढं आहे. एका बाजूला कुण्या राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला देऊळ. रंग पिकल्या जांभळासारखा काळपट, कडेला हिरवट. आणि दोन खांबांच्या मध्ये, तांदळाच्या दाण्याएवढी, बसलेली मूर्ती. डोक्याला शिरस्त्राण, एका हातात गोल, दुसऱ्या हातात दांडा.

बाबांनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी त्यांनाही कडेने धरायला शिकवलं. मिरचीच्या तोड्याने त्यांची बोटं कायम चिरलेली असतात. त्या बोटांत त्यांनी ते असं धरलं, जशी गांधीलमाशी धरलीय. उन्हात नेलं, तिरपं केलं आणि म्हणाले,

"हा तं मारोती हाये."

"बाबा, हे रोमचं आहे. तिकडे समुद्रापलीकडे."

"मंग? मारोतीले समुद्राचं काय सांगतं?" त्यांनी नखाचं टोक मूर्तीवर नेलं, न टेकवता. "हे पाह्य. या हातात डोंगर. या हातात गदा. डोक्शावर मुकुट."

"मारोती बसलेला असतो का कधी?"

"लंकेहून आला असन. थकला असन."

माय चुलीपाशी हसली. मीही हसलो. ती मूर्ती रोम शहराची देवी आहे, हातात पृथ्वीचा गोल आणि राजदंड आहे, हे मला माहीत होतं. सांगितलं नाही. सांगायची गरजच वाटली नाही. बाबा खूश होते, आणि मी जोड्यांऐवजी एक काळा शिक्का आणला याचा राग त्या मारोतीमुळे विरला होता. त्यानंतर कुणीही घरी आलं की बाबा म्हणायचे, "दाखव ना बे ते मंदिर," आणि पाहुण्याला आधी सांगायचे, "कडंनं धराचं बरं. घाम खाते त्याले."

मागच्या वर्षी गावाने मारोतीचं देऊळ नव्याने बांधायला काढलं. मूर्ती शाळेच्या व्हरांड्यात आणून ठेवली. पोरं सुट्टीत तिला नमस्कार करून कबड्डी खेळायची. बांधकाम संपत आलं तेव्हा तालुक्याहून आलेल्या महाराजांनी सांगितलं की देव पुन्हा बसवण्याआधी ओट्याखालच्या खड्ड्यात कलश ठेवायचा. त्यात सात धान्यं, पाच धातू, आणि ज्याची जशी भक्ती तशी एखादी वस्तू. वर मूर्ती बसली की तो खड्डा कायमचा बंद. त्यासाठी नव्या मंडपात बैठक झाली. मी रविवार म्हणून गावात होतो, खांबाला टेकून मागे बसलो होतो.

बाबा बैठकीत कधी बोलत नाहीत. चपला जिथे काढतात तिथेच त्यांची जागा. कुणी चांदीची तार देतो म्हणालं, कुणी मोती. एकाने पोवळं देतो म्हटलं, तर दुसरा लगेच, "खरं देजो बरं, मागं तुह्या आंगठीचा रंग पिठात उतरला होता." हशा झाला. तो थांबायच्या आत चपलांपाशी बाबा उभे राहिले.

"आमच्या पोट्ट्याजवळ एक शिक्का हाये," ते म्हणाले. "दोन हजार वर्साचा. त्याच्यावर मंदिर हाये आन् मंदिरात मारोती बसेल हाये. तो आमच्याकडून."

सगळे मागे वळले. दोन हजार वर्षं बाबांची होती. मी सतराशे सांगितली होती. कमिटीचे आबा गावातले सगळ्यात वयस्क. त्यांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. त्यांनी विचारलं, "दोन हजार? मंजे आपल्या मारोतीपेक्षा जुना?"

"मारोतीपेक्षा कोनी जुना नसते, आबा," कुणीतरी म्हणालं.

"मी देवाचं नाही, मूर्तीचं म्हनतो बे." आबा बाबांकडे पाहत राहिले. "असा शिक्का पंचक्रोशीत कोनाच्या देवळाखाली नसन. या, असे पुढं या, भाऊ. तिकडं काऊन बसले?"

बाबा पुढे गेले आणि सतरंजीवर आबांच्या शेजारी बसले. इतक्या वर्षांत मी त्यांना तिथे बसलेलं पाहिलं नव्हतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती: ते नाणं खड्ड्यात जाणार, वर सिमेंट, वर ओटा, वर देव. सतराशे वर्षं ते कुणाच्या ना कुणाच्या हातून हातात येत माझ्यापर्यंत आलं होतं, आणि आता कुणालाच दिसणार नव्हतं.

घरी येताना मी म्हणालो, "बाबा, दुसरं देऊ ना. ते जास्त जुनं आहे."

घरी पोचल्यावर त्यांनी ते दुसरं हातात घेतलं, कडेने धरलं, उलटंसुलटं केलं. "याच्यावर तं काहीच दिसत नाही बे. देवाले असं घासेल देतेत का?" मग ते माझ्या हातावर ठेवत, "तुले द्याचा नाही का?"

"तसं नाही," मी म्हणालो.

तसंच होतं.

हे लिहिताना मी कारणं शोधतो आहे असं वाटेल. नाणं म्हणजे पुरावा असतो, तो सगळ्यांना पाहता यायला पाहिजे, असं मॅडम म्हणायच्या. ते मला पटतंच. पण तेव्हा माझ्या मनात पुरावा नव्हता. ते माझं होतं. कापसाच्या धुळीत खोकून मिळवलेलं, घरात फक्त माझं म्हणावं असं ते पहिलंच होतं. बाबांनी मला न विचारता ते देऊन टाकलं, आणि देताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की नाही म्हणायला तोंड उघडेना.

कार्यक्रमाच्या आधी आबा आणि कमिटीचे दोघं घरी नाणं पाहायला आले. मायने बाजेवर धुतलेलं पांघरूण घातलं, चहा ठेवला. बाबांनी नाणं हळद-कुंकवाच्या ताटलीत आणलं. "कडंनं, आबा, कडंनं," ते म्हणाले. आबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाणं डोळ्याला लागेल इतकं जवळ नेलं.

"देऊळ सुरेख हाये," ते म्हणाले. "पायऱ्या बी दिसून राह्यल्या. आन् हा मारोती?"

"हाव. या हातात डोंगर, या हातात गदा," बाबा म्हणाले.

आबा बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. आदरानेच. "काऊन हो मास्तर, तुमी शिकले. मारोतीच ना?"

मला मास्तर म्हणायचं काही कारण नव्हतं, मी अजून शिकतोच आहे. बाबांची नजर माझ्यावर होती. 'दिसतो तर तसाच' एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. दिसतो तर तसाच. काहीच बोललो नसतो तरी चाललं असतं. हे दोन्ही मला तेव्हाच सुचलं होतं. पण आमच्या गावात मारोतीचा गाभारा बाईमाणसाचा नाही, तो ब्रह्मचारी देव, बायका पायरीवरून पाया पडतात, हेही मला तेव्हाच आठवलं.

मी म्हणालो, "नाही आबा. ती देवी आहे."

"देवी?"

"रोम शहराची. हातात गदा नाही, राजदंड आहे. तो डोंगर नाही, पृथ्वीचा गोल आहे."

"मंजे बाई हाये?"

"हो."

कमिटीतल्या एकाने नाणं मागून घेतलं, पाहिलं आणि परत ताटलीत ठेवलं. बाबा म्हणाले, "मुकुट हाये पन..." आबांनी चष्मा खाली घेतला. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळुवार बोलले. "राहू द्या, भाऊ. तुमची भक्ती पोचली. देवीले काऊन खड्ड्यात घालाचं, आन् मारोतीच्या खाली त्याहून नाही. पोरगं खरं बोललं, त्याचं बरं वाटलं आपल्याले." जाताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "शिक्षन असं पाह्यजे," ते म्हणाले.

मी खरं बोललो होतो. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. आणि आबांचा हात पाठीवर असताना मला इतकं हलकं वाटत होतं की त्याच क्षणी माझी मलाच लाज वाटली. नाणं वाचलं होतं.

पाहुणे गेल्यावर माय कपबशा उचलताना म्हणाली, "बाई हाये मनून नाही चालत व्हय."

"मारोतीचं देऊळ आहे ना, माय."

"हाव, ते मालूम हाये मले." तिने ताटलीत वाकून पाहिलं. हात लावला नाही. "हे तं चांगली आत बसेल हाये. मी तं कधी आत नाही गेली."

ती टोमणा मारत नव्हती. तिला खरंच नवल वाटलं होतं. आणि मी, ज्याने अशा नियमांविरुद्ध वर्गात भाषण केलं होतं आणि टाळ्याही घेतल्या होत्या, त्याच नियमाच्या आड जाऊन उभा राहिलो होतो.

गावात गोष्ट पसरायला वेळ लागत नाही. दुसऱ्या दिवशी बाबांबरोबर भाजीची पोती चढवायला फाट्यावर गेलो तर चहाच्या टपरीवरून हाक आली, "काय हो, मारोतीले बायको पाह्यली मनते तुमी?"

"फॉरेनची हाये मनते!" दुसरा म्हणाला.

"पन पोराकडून नकार आला," तिसरा. सगळी टपरी हसली.

बाबाही हसले. "आता काय करता, पत्रिका जुळली नाही," ते म्हणाले, आणि पुन्हा हशा झाला. लोकांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बाबांनी पोतं उचललं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते, आणि ते माझ्याकडे पाहत नव्हते. पुढच्या बैठकीला ते पुन्हा चपलांपाशी बसले. मी नव्हतो, मायने फोनवर दुसऱ्याच कशाबद्दल सांगता सांगता सांगितलं.

देव बसवायच्या दिवशी मी नाणं खिशात घालून गेलो. का, ते माझं मलाच कळत नव्हतं. सकाळचं ऊन होतं, मंडपात नव्या रंगाचा वास. गाभाऱ्यात खड्ड्याशी महाराज मंत्र म्हणत होते आणि एकेक घरचा पुरुष आत जाऊन कलशात काही ना काही सोडत होता. बायका पायऱ्यांवर. माय तिसऱ्या पायरीवर, डोक्यावरून पदर घेऊन.

रांगेत बाबा माझ्या पुढे होते. आमच्या आधी चारेक माणसं राहिली तेव्हा ते रांगेतून बाजूला झाले आणि भिंतीकडे तोंड करून सदऱ्याच्या आत हात घातला. कमरेच्या करदोड्याशी त्यांची बोटं बराच वेळ झटत होती. गाठ सुटेना, तेव्हा त्यांनी खाली वाकून दाताने तोडायचा प्रयत्न केला, तो काही जमला नाही. मग शेजारच्याच्या खिशातला अडकित्ता मागून घेतला.

त्यांच्या करदोड्यात भोकाचा तांब्याचा पैसा होता. लहानपणी त्यांच्या आईने दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला. दोरा झिजला की बदलायचा, पैसा तोच. अंघोळीच्या वेळी तो त्यांच्या ओल्या पोटावर चमकताना मी जन्मापासून पाहत आलो होतो. नाण्यांचा नाद लागल्यावर मी एकदा तो मागितला होता, नुसता पाहायला. तेव्हा ते म्हणाले होते, "आंगावरचा काढत नसतेत बे."

ते परत रांगेत आले. पैसा त्यांच्या दोन बोटांत होता, कडेने धरलेला.

मी खिशात हात घातला. "बाबा," मी हळूच म्हणालो, "आणलंय मी. हेच टाकू आपण. कोणाला कळणार नाही."

त्यांनी माझ्या मुठीकडे पाहिलं. त्यांना राग आला नव्हता, हे मी खात्रीने सांगू शकतो, कारण तो आला असता तर हिशेब तिथेच मिटला असता आणि मी आज हे लिहीत बसलो नसतो.

"नको," ते म्हणाले. "बाई हाये ना ते. तूच सांगतलं." मग पुढे सरकत, "खड्ड्यात गेली तं कोन पाह्यन तिले? ठेव तू."

ते आत गेले. खाली वाकले. तांब्याचा पैसा कलशात पडल्याचा आवाज बाहेर आला नाही, आत धान्य होतं. मागोमाग मी गेलो आणि खिशातल्या सुट्या पैशांतला एक रुपया सोडला. महाराजांनी पुढचा माणूस बोलावला. मी बाहेर पायरीवर आलो तेव्हा मायने डोळे उघडून विचारलं, "दिलं का बापू?" मी मान हलवली. होकाराची की नकाराची, तिने काय समजून घेतलं, मला माहीत नाही.

आता मारोती ओट्यावर आहे. दार पूर्वीसारखंच रुंद ठेवलंय. बाबांच्या कमरेला नवा काळा करदोडा आहे, नुसता दोरा.

मागच्या सुट्टीत मामा आले होते. जेवण झालं, पान झालं, आणि बाबा म्हणाले, "दाखव ना बे ते मंदिर." मला वाटलं होतं हे ते आता कधीच म्हणणार नाहीत. मी डबीतून नाणं काढलं. बाबांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि मामांच्या पुढे उन्हात धरलं.

"कडंनं धराचं बरं. घाम खाते त्याले."

"आत कोन हाये? मारोती हाये काय?" मामांनी विचारलं.

"नाही हो." बाबांनी नखाचं टोक मूर्तीपाशी नेलं, न टेकवता. "लोकाइले तसं वाटते. देवी हाये ते. त्याइच्या गावाची. हे गदा नाही, राजदंड हाये. आन् हे पृथ्वी." प्रत्येक शब्द त्यांनी सावकाश, तपासून उच्चारला, आणि मग माझ्याकडे पाहिलं. "बराबर हाये ना?"

"बरोबर आहे, बाबा," मी म्हणालो.

मामा नाण्यावर वाकले. बाबांनी ते त्यांच्यासाठी थोडं तिरपं केलं, म्हणजे खांबांमधून ती नीट दिसावी.